घरातलं दुखणं अभ्यासाला का द्यायचं?

‘ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. दोन-अडीच वर्षांपासून विसरतात. आधी चुलीवर दूध ठेवून विसरायच्या, आता कधीकधी मला आपली धाकटी बहीण समजतात. दुपारी चार वाजले की बटवा कमरेला खोचतात आणि “माका घराक जावक व्हया” म्हणून निघतात. घर म्हणजे माहेर. तिथे आता कुणी नाही. मी अडवत नाही. एसटीच्या थांब्यापर्यंत बरोबर जाते, दहा मिनिटं बसते, मग “गाडी चुकली वाटतं, उद्या जाऊ” म्हणते. तेवढ्यावर परत येतात.

एकदा तपासायला नेलं होतं. पहाटे पाचला उठवून निघालो. गाडीत लुगडं ओलं झालं. केसपेपरच्या रांगेत त्या जमिनीवरच बसल्या. डॉक्टरांपुढे मात्र ताठ. “कशा आहात?” तर “बरी आसंय.” जेवलात का, मुलं किती, सगळं नीट सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, चालायचंच. ताकदीच्या गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी आलो. परत नेलेलं नाही.

गेल्या महिन्यात आशाताईंबरोबर एका वैद्यकीय महाविद्यालयाची माणसं आली. डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, झालेल्या वयस्कर माणसांना दवाखान्यापर्यंत पोचताना काय अडचणी येतात आणि त्या कशा कमी करता येतील, यावर अभ्यास करतायत. आईंचं नाव घालू का म्हणाले. शिवाय त्यांच्या सल्लागार गटात मी यावं, महिन्याला एक बैठक असते, असंही म्हणाले. ह्यांचं म्हणणं, आईवर कसले प्रयोग करून घ्यायचे नाहीत, आणि वाडीत कळलं तर लोक म्हणणार सून बघत नाही. नणंदेचंही तेच. मी बारावी शिकलेली. डॉक्टरांच्या मध्ये बसून काय बोलणार? आणि यातून आईंना काय मिळणार? जावं की नको?

– एक सून, कुडाळ तालुका’

प्रिय ताई,

जा. आईंचं नावही घाला, पण सही करण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. त्या पुढे सांगते. आधी तुमच्या पत्रातल्या एका जागेवर थांबते, कारण ती वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसले.

डॉक्टरांपुढे ताठ. मी बावीस वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम केलं. हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल! चार तासांचा प्रवास करून, दोन तास रांगेत बसून आलेली म्हातारी माणसं डॉक्टरांसमोर पाच मिनिटं अशी काही सावरून बसतात की सोबतच्या सुनेलाच खोटं पाडतात. हे ढोंग नसतं. आयुष्यभराची रीत असते ती. मोठ्या माणसासमोर नीट बसायचं, विचारलं की ‘बरं आहे’ म्हणायचं. डिमेन्शियात आठवणी जातात, पण ही अंगवळणी पडलेली रीत बराच काळ टिकते. त्या पाच मिनिटांत डॉक्टरांना आजार दिसत नाही. तो दिसतो दुपारी चार वाजता, आणि त्या वेळी तिथे फक्त तुम्ही असता.

म्हणून तुमचा ‘मी काय बोलणार’ हा प्रश्न मला उलटा वाटतो. ज्या अभ्यासात तुमच्यासारखीला बोलावलेलं नाही, त्यात काय सापडणार, असं मी विचारीन.

यामागे मोठा अनुभव आहे. १९९८ साली काही संशोधक कोचीत जमले आणि त्यांनी एक गट काढला. नाव ठेवलं ‘टेन सिक्स्टी-सिक्स’. जगातले ६६ टक्के डिमेन्शियाचे रुग्ण आपल्यासारख्या विकसनशील देशांत राहतात, आणि लोकवस्तीत जाऊन केलेल्या संशोधनापैकी १० टक्केही इथे होत नाही, असा त्या आकड्यांचा अर्थ. मोजायला निघाले तेव्हा पहिली अडचण आली ती चाचण्यांची. तारीख सांगा, घड्याळ काढा, वाक्य लिहा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला त्या कशा लागू होणार? आमच्याकडे एक आजी आल्या होत्या. तरुण डॉक्टरने विचारलं, ‘आज तारीख काय?’ त्या म्हणाल्या, ‘तारीख नाही ठाऊक बाबा, आज कामिका एकादशी.’ भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं तर खरंच होती. कागदावर मात्र शून्य गुण पडले.

या गटाने मग वेगळी पद्धत बसवली. म्हाताऱ्या माणसाशी तर बोलायचंच, पण त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाचीही मुलाखत घ्यायची: वर्षभरापूर्वी हे काय काय करायचे, आता काय जमत नाही, पैसे मोजता येतात का, ओळखीच्या वाटेवर चुकतात का. दोन्ही मिळून निदानाकडे जायचं, म्हणजे शिक्षण कमी म्हणून कुणी उगाच आजारी ठरणार नाही. घरच्या माणसाची साक्ष त्या पद्धतीतच बांधून घेतलेली आहे. म्हणजे निदानातही तुमचं बोलणं धरलं जातं.

आता ‘लोक म्हणणार सून बघत नाही’ याबद्दल. हे तुमच्याच शेजारी, गोव्यात, नोंदलं गेलंय. तिथे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी गावातल्या लोकांशी, आरोग्य सेविकांशी, डॉक्टरांशी बसून बोलले. तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. लोकांना ही लक्षणं चांगली ओळखीची होती, पण ती म्हातारपणाचाच भाग मानली जायची, डॉक्टरकडे न्यायचा आजार म्हणून कुणी बघत नव्हतं. आणि मुलांनी माया केली नाही, दुर्लक्ष केलं, म्हणून असं होतं, ही समजूतही सापडली. प्राथमिक पातळीवरचे डॉक्टर म्हणत, असे रुग्ण आमच्याकडे फारसे येतच नाहीत. घरोघर फिरणाऱ्या सेविका म्हणत, हे तर नेहमीचंच आहे.

यातलं दुष्टचक्र बघा. सुनेला बोल लागतो म्हणून घर गप्प राहतं. घर गप्प राहतं म्हणून रुग्ण दवाखान्यात पोचत नाही. पोचत नाही म्हणून डॉक्टरांना वाटतं हा आजार इथे नाहीच. मग त्यासाठी ना वेगळी ओपीडी, ना औषधं, ना प्रशिक्षण. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण किती सहज बोलतो, पण डिमेन्शिया हा मेंदूचा आजार आहे. साठीनंतर तो सगळ्यांना होत नाही आणि कुणाच्या माया करण्या न करण्याने होत नाही. तुमच्या घरच्यांना हे एखाद्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुनेने सांगितलं की ती बाजू घेणं वाटतं.

देशभरातून घेतलेल्या नमुन्यावरचा ‘लासी-डॅड’ नावाचा मोठा अभ्यास आहे. २०२३ मध्ये त्याचे आकडे आले. साठी ओलांडलेल्यांत ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. आणि तपासणीच्या सोयी आहेत कुठे? शहरांत. तुमच्या सासूबाई या आकड्यांच्या अगदी मध्ये बसलेल्या आहेत.

‘यातून आईंना काय मिळणार’ याचं मी खरं उत्तर देणार आहे, गोड नाही. याच गोव्यात डॉ. अमित डायस आणि ‘संगाथ’ संस्थेच्या लोकांनी एक प्रयोग केला. २००८ साली तो छापून आला. दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं घेतली. बारावीपर्यंत शिकलेल्या, कोंकणी बोलणाऱ्या, म्हाताऱ्या माणसांची आस्था असलेल्या लोकांना आठवडाभराचं प्रशिक्षण देऊन गृहसल्लागार केलं. हे सल्लागार साधारण पंधरवड्याला घरी जात. आजार म्हणजे काय ते समजावत, आंघोळ-जेवणाच्या युक्त्या सांगत, रात्री ओरडणं, संशय घेणं अशा वेळी काय करायचं ते दाखवत, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून देत, सरकारी योजनांची माहिती देत. पाठीशी समुपदेशक आणि डॉक्टर होते. सहा महिन्यांनी काय दिसलं? सांभाळणाऱ्या माणसाचा मानसिक त्रास स्पष्टपणे कमी झाला होता. आजारी माणसाच्या वागण्यात किंवा रोजच्या कामांत मात्र तसा ठाम फरक दाखवता आला नाही.

म्हणजे सासूबाई यातून बऱ्या होणार नाहीत. डिमेन्शिया पूर्ण बरा करणारं औषध आज नाही, आणि जो आहे म्हणेल त्याला पैसे देऊ नका. पण तुमची झोप, तुमचा जीव, तुमची एकटी पडलेली दुपार, यात फरक पडू शकतो. तुम्ही सावरलात तर आईंचे दिवसही बरे जातात, हे मला कुठल्याही तक्त्याशिवाय ठाऊक आहे. त्या गृहसल्लागारांचं शिक्षण परत एकदा वाचा ताई. बारावी.

आता यजमानांच्या भीतीकडे येते. ‘प्रयोग’ ही भीती खुळी नाही. गरीब आणि म्हाताऱ्या माणसांना नीट न सांगता कागदावर अंगठे घेतल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: यात औषध किंवा इंजेक्शन आहे का, रक्त घेणार का, की फक्त बोलणं आणि भेटी आहेत? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या पत्रावरून हा दुसऱ्या प्रकारचा वाटतो, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. त्यांच्याकडून मराठीत लिहिलेलं माहितीपत्रक मागा आणि यजमानांसमोर मोठ्याने वाचून घ्या. नैतिकता समितीची, म्हणजे अभ्यासात माणसांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, मान्यता आहे का, आणि तक्रार करायची तर तिथल्या कुणाचा फोन आहे, हे त्या पत्रकावर असतं. नसलं तर सही नको. मधेच बाहेर पडलो तर पुढच्या उपचारात अडथळा येणार नाही, हेही लिहिलेलं हवं. आईंचा फोटो, व्हिडिओ, आवाज घेणार का, तो कुठे दाखवणार? नाव, वाडी कळणार नाही ना? वाडीत बोभाटा होण्याची भीती असेल तर पथकाची गाडी दारात उभी करू नका म्हणून सांगा, आशाताईंबरोबर चालत या म्हणा. एवढं ऐकतील. नाही ऐकलं तर तेही तुम्हाला बरंच काही सांगून जाईल.

आणखी एक. अशा अभ्यासात कधीकधी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात. एका गटाला मदत लगेच, दुसऱ्याला काही महिन्यांनी. गोव्यातही दुसऱ्या गटाला थांबावं लागलं होतं. आपण दुसऱ्या गटात गेलो तर मदत कधी मिळणार, आणि मधल्या काळात आई जास्त आजारी पडल्या तर कुणाला फोन करायचा, हे आधीच विचारा.

आणि आईंना विचारा. हो, त्यांनाही. सही कदाचित मुलगा करेल, कारण इतका गुंतागुंतीचा कागद त्यांना आता समजणार नाही. पण डिमेन्शिया झाला म्हणजे माणसाला काहीच कळत नाही असं नसतं. ‘ही मुलगी तुमच्याशी गप्पा मारायला येईल, चालेल ना?’ एवढं सकाळी, त्या ताज्या असताना, विचारा. एखाद्या दिवशी तोंड फिरवून बसल्या तर त्या दिवशी मुलाखत नाही. चांगले संशोधक हे स्वतःहून पाळतात. नसतील पाळत तर तुम्ही पाळायला लावा.

सल्लागार गटाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. अशा गटात घरच्या माणसांना घ्यायचं, हे आता हळूहळू रुळतंय. ‘स्ट्राइड’ नावाचा सात देशांचा अभ्यास २०१८ मध्ये सुरू झाला. भारत त्यात होता, केनिया, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया, जमैका, दक्षिण आफ्रिकाही होते. आजाराचा खर्च कुणावर पडतो, कोण सांभाळतं, सरकारने काय करायला हवं, असे त्यातले प्रश्न. ते नुसते डॉक्टरांना विचारून सुटणारे नव्हतेच.

तुम्ही तिथे काय सांगू शकता? तुमच्या पत्रातलीच एक ओळ घ्या: ‘गाडीत लुगडं ओलं झालं.’ ताई, दवाखाना दूर आहे, डॉक्टर कमी आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं. पण लुगडं ओलं झाल्यामुळे एक बाई पुन्हा कधीच दवाखान्यात गेली नाही, हे कुठल्या तक्त्यात येतं? त्यासाठी थांब्यावर स्वच्छ संडास लागेल, रुग्णालयात कपडे बदलायला आडोसा लागेल, अशा रुग्णांना रांगेतून पुढे घ्यावं लागेल, किंवा तपासणीच घरी यावी लागेल. यातल्या काही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. कुणीतरी सांगावं लागतं. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आता आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, आईंचं कार्ड काढलं नसेल तर जरूर काढा. पण ते दाखल झाल्यावरचं. डिमेन्शियाचा खर्च दाखल होण्यात कमी असतो. तो असतो बुडालेल्या मजुरीत, खास रिक्षात, कापडी लंगोटांत आणि तुमच्या न झालेल्या नोकरीत. हे आकडे तुम्ही सांगितल्याशिवाय कुणाला मिळणार नाहीत.

आणि आशाताईंना विचारा, त्या घरोघरी भरतात त्या आरोग्य-तपासणीच्या सीबॅक फॉर्मवर साठीवरच्या माणसांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का? प्रश्न छापलेला आहे. ‘हो’ उत्तर आल्यावर पुढे तुमच्याकडे काय घडलं? कुणी पाठवलं का कुठे? बैठकीत हे विचाराच. मला स्वतःला या प्रश्नाचं उत्तर ऐकायचंय.

जाण्याआधी अटी घाला. त्या दिवशी आईंजवळ कोण बसणार? प्रवासखर्च मिळणार का? बैठक चारच्या आत संपेल का? दर वेळी जिल्ह्याच्या गावीच का, एखादी आरोग्य उपकेंद्रात का नको? ज्यांचा अभ्यास ‘पोचण्यातल्या अडचणी’ हाच आहे, त्यांना या अटी ऐकून राग येता कामा नये. अभ्यास संपल्यावर काय निघालं ते आम्हाला येऊन सांगणार का, हेही विचारा. माणसं माहिती घेऊन जातात आणि परत फिरकत नाहीत, ही तक्रार मी फार ऐकली आहे, आणि ती खरी आहे.

अभ्यास सुरू होईपर्यंत मात्र थांबू नका. आईंना पुन्हा एकदा डॉक्टरकडे न्यायलाच हवं, कारण विसरण्याची काही कारणं सुधारण्यासारखी असतात: थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मनाची उदासी, आधीपासून चालू असलेल्या एखाद्या गोळीचा परिणाम. कान आणि डोळेही तपासून घ्या. ऐकू न येणारं माणूस गोंधळलेलं दिसतं. आणि एक-दोन दिवसांत अचानक फार बिघडलं, बरळायला लागल्या, गुंगी आली, तर तो डिमेन्शिया वाढला असं धरून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग किंवा ताप असू शकतो, त्याच दिवशी दाखवा.

या वेळी जाताना एका पानावर लिहून न्या: कधीपासून, आधी काय करायच्या, आता काय जमत नाही, रात्री किती वेळा उठतात, चार वाजता काय होतं. ते पान आईंच्या नकळत केसपेपरला लावा आणि डॉक्टरांना ‘आधी हे वाचा’ म्हणा. त्यांच्यादेखत तोंडाने सांगितलंत तर त्या दुखावतील, आणि ‘ही खोटं बोलता’ म्हणतील. यजमानांनाही बरोबर न्या. शक्य झालं तर एक अख्खी दुपार तुम्ही माहेरी जा आणि आईंना त्यांच्यावर सोपवा. ‘प्रयोग नको’ म्हणणाऱ्या मुलाने एकदा तरी तो थांबा बघायला हवा. रात्री-अपरात्री तुमचंच मन भरून आलं तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन आहे, मोफत, मराठीत बोलतात. ज्येष्ठांसाठीच्या मदतीची माहिती हवी असेल तर १४५६७.

बटव्यात एका कापडाच्या तुकड्यावर तुमचा मोबाइल नंबर शिवून ठेवा. कागद ठेवलात तर त्या काढून टाकतील.

आणि पहिल्या बैठकीत ओळख करून द्यायची वेळ आली की बारावीपासून सुरुवात करू नका. ‘आमच्याकडे दुपारी चार वाजता’ इथून करा.

तुमची,
ताई